‘प्रत्येक विद्यार्थ्याला’: चेसापीक खाडीच्या करारातलं एक कलम आणि शाळा

२८ जून २००० रोजी अमेरिकेत ‘चेसापीक २०००’ नावाच्या करारावर सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांत मेरीलँड, व्हर्जिनिया आणि पेन्सिल्व्हेनिया ही तीन राज्यं, राजधानी वॉशिंग्टन, केंद्र सरकारची पर्यावरण संरक्षण संस्था म्हणजे ईपीए, आणि तिन्ही राज्यांच्या लोकप्रतिनिधींचा मिळून बनलेला खाडी आयोग होता. करार होता खाडी वाचवण्याचा. २०१० पर्यंत कालवं, म्हणजे ऑयस्टर, दहापट करू, पाण्यात जाणारं नत्र-स्फुरद कमी करू, अशी त्यातली बहुतेक कलमं. त्यांच्या गर्दीत शाळांबद्दलचंही एक कलम होतं: २००५ साली शाळा सोडणाऱ्या तुकडीपासून पुढे, पाणलोटातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला बारावी संपण्याआधी खाडीकाठी किंवा ओढ्याकाठी एक अर्थपूर्ण अनुभव दिला जाईल.

२००५ ची तुकडी म्हणजे सह्या झाल्या त्या उन्हाळ्यात सातवी संपवून आठवीत जाणारी मुलं. हातात पाच वर्षं होती. पर्यावरण शिक्षणाच्या कार्यक्रमांत ‘जास्तीत जास्त मुलांपर्यंत पोहोचू’ ही भाषा नेहमीची. ‘प्रत्येक’ असं सहसा कोणी लिहून देत नाही, कारण ते पुढे कोणीतरी मोजू शकतं. या प्रकरणात मला रस आहे तो त्यामुळे. शिवाय सही करणाऱ्यांपैकी कोणीही रोजच्या अर्थाने शाळा चालवत नव्हतं. आणि कलमातल्या दोन अटी एकमेकींच्या पायात पाय घालणाऱ्या होत्या. प्रत्येकाला द्यायचा तर अनुभव पातळ होतो, अर्थपूर्ण करायचा तर मोजकीच मुलं हाती लागतात. पुढच्या दोन दशकांत शाळांमध्ये जे घडलं ते बरंचसं या ओढाताणीतून घडलं.

खाडी, थोडक्यात

चेसापीक ही अमेरिकेतली सर्वांत मोठी खाडी. लांबी सुमारे ३२० किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर. तिच्यात उतरणाऱ्या नद्यांचं पाणलोट मात्र सहा राज्यांत पसरलेलं, सुमारे १ लाख ६५ हजार चौरस किलोमीटर. जमीन आणि पाणी यांचं प्रमाण १४ ला १ पडतं. म्हणजे पाणी उथळ, आणि त्यात निचरा होणारी जमीन अवाढव्य. शेतातलं खत, गुरांचं शेण, कोंबड्यांची विष्ठा, शहरांचं सांडपाणी, बांधकामांवरून धुऊन आलेली माती, सगळं शेवटी तिथेच जातं. नत्र आणि स्फुरद वाढलं की शेवाळ माजतं. ते मरून तळाशी कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं आणि ऐन उन्हाळ्यात खोल भागात मासे-खेकडे जगू शकतील असं पाणी उरत नाही. गढूळपणामुळे उजेड खाली पोहोचत नाही, पाण्याखालचं गवत मरतं, आणि त्या गवताच्या आडोशाने वाढणारी निळ्या खेकड्यांची पिल्लं उघडी पडतात.

मेरीलँड राज्याचे माजी सिनेटर बर्नी फाउलर यांनी हा सगळा गुंता एका कृतीत बसवला होता. तरुणपणी पटक्संट नदीत छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी आपले पाय दिसायचे, ही त्यांची आठवण. १९८८ पासून दर जूनमध्ये ते पांढरे कॅनव्हासचे बूट घालून नदीत उतरायचे, बूट दिसेनासे झाले की थांबायचे, आणि अंगावर पाणी कुठवर चढलं ते मोजायचे. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं. शाळेत गढूळपणा मोजायला सेकी तबकडी, म्हणजे दोरीने पाण्यात सोडायची काळी-पांढरी चकती, वापरतात. ती काम अधिक काटेकोर करते, पण मुलांना लक्षात राहतात ते फाउलर आजोबांचे बूट.

तेव्हा मुलांना पाण्यापर्यंत नेण्याची कल्पना करारातून जन्मली असं नाही. १९६७ मध्ये सुरू झालेली चेसापीक बे फाउंडेशन ही संस्था कितीतरी आधीपासून शाळकरी मुलांना होड्यांतून खाडीत नेत होती. १९९८ पासून मेरीलँडच्या निसर्ग संसाधन विभागाबरोबर तिचा एक कार्यक्रम चालू होता: वर्गातच टबमध्ये पाण्याखालचं गवत बियांपासून वाढवायचं आणि वसंतात मुलांनी ते स्वतः नदीत लावायचं. कार्यक्रम चांगले होते. पण ज्या शाळेत हौशी शिक्षक आहे आणि बसचे पैसे आहेत तिथेच ते जात. करारातल्या ‘प्रत्येक’चा रोख या विषमतेवर होता.

सहल की अभ्यास

कराराच्या मजकुरात ‘खाडी किंवा ओढा’ असं म्हटलं होतं. हा पर्याय दिला नसता तर सगळी योजना पहिल्याच वर्षी बसली असती. पेन्सिल्व्हेनियाला खाडीचा किनाराच नाही. खाडीला मिळणाऱ्या गोड्या पाण्यापैकी जवळपास निम्मं ज्या सस्क्वेहाना नदीतून येतं, ती उगम पावते न्यूयॉर्क राज्यातल्या ओत्सेगो तळ्यात आणि ७०० किलोमीटरहून जास्त वाहून खाली येते. तिच्या काठच्या शाळेतल्या मुलाने खाडी कधी पाहिलेली नसते आणि पाहण्याचं कारणही नसतं. त्याच्यासाठी शाळेमागचा ओढा हीच खाडी.

पण मग ओढ्यावर एक दिवस डबे घेऊन जाणं म्हणजे झाला का अर्थपूर्ण अनुभव? २००२ मध्ये अमेरिकी संसदेने नोआ या केंद्रीय महासागर व वातावरण संस्थेमार्फत ‘बी-वेट’ नावाची अनुदान योजना सुरू केली. पैसे कशाला मिळतील हे ठरवायचं म्हणजे व्याख्या पक्की करणं आलं. माझ्या मते या प्रकरणातलं सर्वांत टिकाऊ काम हेच. ‘पाणलोटातला अर्थपूर्ण शैक्षणिक अनुभव’ याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (MWEE) व्याख्येला एक लाडकं नावही पडलं, ‘मीवी’, आणि आज तिथले शिक्षक ‘यंदा आठवीची मीवी कोणती?’ असंच बोलतात.

पुढे घोटून पक्की झालेली ही व्याख्या चार गोष्टी मागते. मुलांनी आधी एक स्थानिक प्रश्न नीट मांडावा. बाहेर जाऊन स्वतः निरीक्षणं, मोजमापं करावीत, तीही एकदाच नाही. हाती आलेल्या पुराव्यावरून निष्कर्ष काढून तो इतरांसमोर मांडावा. आणि त्या निष्कर्षातून निघालेली एखादी कृती करावी. हे सगळं शिक्षकाने रोजच्या अभ्यासक्रमात गुंफावं, बाहेरच्या संस्थेने येऊन ‘करून दाखवून’ जाऊ नये, हीसुद्धा अट. सहल चारांपैकी दुसऱ्या टप्प्याचा एक तुकडा झाली. वर्षानुवर्षं सहलीच चालवणाऱ्या संस्थांना हे पचायला जड गेलं असणार.

एक मीवी, जवळून

सातवी-आठवीच्या स्तरावर ही रचना कशी चालते ते पाहण्यासाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रश्न घेऊ: आपल्या शाळेच्या आवारात पडलेला पाऊस कुठे जातो आणि जाताना काय नेतो?

सुरुवात नकाशापासून. मुलं छप्पर, वाहनतळ, पायवाटा मोजतात. पाणी मुरतं ती जमीन किती आणि न मुरणारी किती, हे काढतात. समजा न मुरणारा भाग ४,००० चौरस मीटर निघाला. २५ मिलिमीटरची एक सर आली की त्यावरून १ लाख लिटर पाणी वाहून जाणार. गणित सहावीच्या पातळीचं आहे, पण उत्तर आल्यावर वर्गात गलका होतो, कारण आकडा कोणाच्याही अंदाजापेक्षा मोठा असतो. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: इतकं पाणी जातं कुठे? आवारातलं जाळीचं गटार मुलांनी रोज पाहिलेलं असतं. ते सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रात जात असेल असं बहुतेकांना वाटतं. पुष्कळ ठिकाणी ते सरळ ओढ्यात उघडतं.

मग ओढा. गमबूट, जाळी, पांढरे ट्रे. दगड उलटून खालचे किडे गोळा करायचे, गट पाडायचे. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या प्रदूषण सोसत नाहीत. काही डासवर्गीय माश्यांच्या अळ्या आणि गांडुळवर्गीय कृमी वाटेल तिथे तग धरतात. कोण सापडलं आणि कोण नाही, यावरून ओढ्याची प्रकृती कळते. रासायनिक चाचणी त्या क्षणाचं पाणी सांगते. किडे मागच्या कित्येक महिन्यांचं सांगतात, कारण त्यांना तिथेच राहावं लागलेलं असतं. वयाच्या तेराव्या वर्षी मुलं या फरकावर अर्धा तास भांडू शकतात, आणि भांडावंच.

आता एक अडचण, जी कार्यक्रमांच्या माहितीपत्रकांत कधी छापली जात नाही. शाळेत परवडणारी नायट्रेट-फॉस्फेटची चाचणी रंग जुळवून वाचायची असते. नमुन्यात गोळी टाकायची, रंग येतो, तो पट्टीशी जुळवायचा. पट्टीवरच्या पायऱ्या मोठ्या असतात. खाडीला त्रास देणारं प्रमाण अनेकदा पहिल्या दोन पायऱ्यांच्या मध्येच कुठेतरी असतं. मुलांना रंग दिसत नाही, ती वहीत ‘शून्य’ लिहितात आणि ‘आमचा ओढा स्वच्छ आहे’ असा निष्कर्ष मांडतात. त्याच ट्रेमध्ये स्टोनफ्लायची एकही अळी नसते. चांगला शिक्षक इथे थांबतो. दोन पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत, तर चूक कुठे असू शकते? उपकरणाची मर्यादा ही गोष्ट मुलांना पाठ्यपुस्तकातून कधी कळत नाही. ती इथे पाच मिनिटांत कळते. घाईतला शिक्षक ‘शून्य’ला बरोबरची खूण करून पुढे जातो, आणि कागदावर दोन्ही वर्गांची मीवी सारखीच पूर्ण होते.

हिवाळ्यानंतर वेगळीच गंमत. रस्त्यावरचं बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ ओढ्यात उतरतं, आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं साधं यंत्र ते लगेच दाखवतं. याला रंगपट्टी लागत नाही, आकडा ठणठणीत येतो, आणि गुन्हेगार शाळेच्याच वाहनतळावर सापडतो. माझ्यावर निवड सोपवली तर नायट्रेटच्या आधी मी मीठ घेईन.

शेवटी कृती. इथे बरेच कार्यक्रम घसरतात. अनुदानाच्या अर्जात ‘विद्यार्थी १०० झाडं लावतील’ असं आधीच लिहिलेलं असतं, रोपांची मागणी गेलेली असते, आणि मुलांच्या तपासणीतून काहीही निघालं तरी झाडंच लागणार असतात. ज्या वर्गाला वाहनतळावरचं मीठ सापडलं त्याने खरं तर मुख्याध्यापकांकडे आणि देखभाल विभागाकडे जायला हवं: मीठ किती टाकता, कधी टाकता, कमी टाकून चालेल का? ही कृती छायाचित्रात दिसत नाही. पण तपास आणि कृती यांचा धागा तिच्यातच शाबूत राहतो. व्याख्येत नंतरच्या वर्षांत नागरी कृतीला, म्हणजे निर्णय घेणाऱ्यांसमोर बाजू मांडण्याला, झाडं लावण्याइतकंच स्थान मिळालं ते योग्यच झालं.

आठवीत जमतं, दहावीत का अडतं

अमेरिकेत सहावी ते आठवी ही मधली शाळा. तिथे बऱ्याच ठिकाणी चार-पाच विषयांचे शिक्षक मुलांच्या एकाच गटाला शिकवतात आणि एकत्र बसून नियोजन करतात. ओढ्याचा दिवस विज्ञानाने घेतला तर गणिताने आकडे घ्यायचे, भाषेने पत्रं लिहून घ्यायची, असं जुळवता येतं. शिवाय विज्ञान सगळ्या मुलांना सारखंच असतं. ‘प्रत्येक’ हा शब्द इथे पाळता येण्याजोगा आहे.

नववीपासून रचना फुटते. एक मूल जीवशास्त्राला, दुसरं रसायनशास्त्राला. प्रत्येक तासाला वेगळा शिक्षक, वेगळी मुलं. ओढ्यावर अर्धा दिवस न्यायचं म्हणजे इतर पाच शिक्षकांचे तास मोडायचे. पर्यावरणशास्त्राचा ‘एपी’ हा महाविद्यालयीन पातळीचा अभ्यासक्रम १९९८ पासून परीक्षेसह आहे, पण तो ऐच्छिक. तो घेणारी मुलं मुळातच या वाटेची. त्यांना मीवी देऊन ‘बारावीपर्यंत झालं’ असं म्हणणं म्हणजे ज्यांना गरज कमी त्यांनाच पुन्हा वाढणं.

काळही साथीला नव्हता. जानेवारी २००२ मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा आला. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताच्या परीक्षा, माध्यमिकला आणखी एकदा, आणि निकालावरून शाळेचं भवितव्य. विज्ञानाची परीक्षा २००७-०८ पासून आली, तीही प्रत्येक टप्प्यावर एकदाच. मुख्याध्यापकाने वेळ कुठून कापायचा हे यातच ठरून गेलं. म्हणजे ज्या पाच वर्षांत कराराचं वचन पाळायचं होतं, त्याच वर्षांत केंद्र सरकारचा दुसरा हात शाळांचं वेळापत्रक उलट दिशेला ओढत होता. त्याला उत्तर म्हणून मेरीलँडचे प्रतिनिधी जॉन सारबेन्स यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट इन्साइड’ नावाचं विधेयक मांडलं. २००८ मध्ये ते प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये अडकलं.

मेरीलँडने वेगळी वाट काढली. २०११ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने पर्यावरण साक्षरता ही पदवीची, म्हणजे शाळा पूर्ण केल्याच्या दाखल्याची, अट केली. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. अट ऐकायला कडक आहे, प्रत्यक्षात तिचा भार मुलावर कमी आणि व्यवस्थेवर जास्त आहे. वेगळा विषय नाही, वेगळी परीक्षा नाही. प्रत्येक स्थानिक शिक्षण व्यवस्थेने अनेक विषयांत मिळून पर्यावरण शिक्षणाचा कार्यक्रम द्यायचा, आणि मूल त्यातून गेलं की अट पूर्ण. टीकाकार म्हणाले की यात दात नाहीत. मला उलट वाटतं. दाखल्याशी जोडल्यामुळे पर्यावरण शिक्षण हौशी शिक्षकाच्या खिशातून निघून अभ्यासक्रम अधिकाऱ्याच्या टेबलावर आलं. हौशी शिक्षक निवृत्त होतो. टेबल तिथेच राहतं.

मेरीलँडला हे जमलं त्यामागे एक रुक्ष कारणही आहे. तिथे शाळा जिल्ह्यानुसार चालतात आणि साऱ्या राज्यात अशा व्यवस्था आहेत फक्त २४. पेन्सिल्व्हेनियात स्थानिक शाळा-मंडळं ५००. २४ जणांना एका खोलीत बसवून पटवता येतं, ५०० जणांना पत्रच पाठवावं लागतं. पर्यावरण शिक्षणावरच्या चर्चांत मूल्यं आणि जाणिवा यांवर जितकं बोललं जातं, त्याच्या दशांशानेही या आकड्यांवर बोललं जात नाही.

माध्यमिक मुलांकडून काहीच होत नाही असा याचा अर्थ नव्हे. पेन्सिल्व्हेनियात चेसापीक बे फाउंडेशनच्या विद्यार्थी नेतृत्व गटाने हेलबेंडर या सॅलॅमँडरला राज्याचा अधिकृत उभयचर करावं म्हणून मोहीम चालवली. हेलबेंडर दोन फुटांपर्यंत वाढतो, त्वचेतून श्वास घेतो, थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात दगडांखाली राहतो. काठची झाडी गेली आणि गाळ आला की संपतो. मुलांनी त्याचा अभ्यास केला, विधेयकाचा मसुदा लिहायला हात लावला, लोकप्रतिनिधींना भेटली. विधेयक एकदा अडकलं, पुन्हा मांडलं गेलं, आणि २३ एप्रिल २०१९ रोजी गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी त्यावर सही केली. त्यात भाग घेतलेल्या मुलांनी नागरिकशास्त्र जेवढं शिकलं तेवढं कोणत्याही पुस्तकातून आलं नसतं. पण गट मूठभर मुलांचा होता आणि तीही आपणहून आलेली. अर्थपूर्ण अनुभवाचं हे लखलखीत उदाहरण, पण ‘प्रत्येक’पासून फार दूरचं.

ज्यांच्या घरी शेत आहे

आणखी एक गाठ आहे, आणि तिच्याबद्दल शहरी पर्यावरण शिक्षक मोकळेपणाने बोलत नाहीत. खाडीत जाणाऱ्या नत्र-स्फुरदाचा मोठा वाटा शेतीतून येतो. खाडीच्या पूर्वेच्या डेलमार्वा द्वीपकल्पावर कोंबडीपालन हा मुख्य धंदा, पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परिसरात दुभती जनावरं. १९९७ मध्ये पोकोमोक नदीत मासे मेले, फिस्टेरिया या सूक्ष्मजीवाचं नाव झालं, संशय कोंबडीखतावर गेला, आणि पुढच्याच वर्षी मेरीलँडने शेतकऱ्यांवर खत व्यवस्थापनाची सक्ती करणारा कायदा केला. त्या रागाची धग शाळेपर्यंत येतेच. अशा गावातल्या आठवीच्या वर्गात ‘प्रदूषण कोण करतं?’ या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहिलं की चार-पाच मुलांच्या माना खाली जातात.

इथे मीवीची रचना नीट पाळली तर शिक्षकाला वाचवते. प्रश्न ‘कोण’ असा न ठेवता ‘या ओढ्यात या दोन ठिकाणांमध्ये काय बदललं?’ असा ठेवला, वरच्या आणि खालच्या बाजूला मोजमाप घेतलं, तर शेतकऱ्याच्या मुलाकडे वर्गातली सर्वांत उपयोगी माहिती असते: खत कधी टाकतात, आच्छादन पीक का घेतात, ओढ्याला कुंपण घातलं तर गुरं पाणी कुठे पितात, आणि त्या सगळ्याचा खर्च कोण उचलतो. पाहुण्या संस्थेचा मार्गदर्शक एका दिवसासाठी येऊन गेला तर यातलं काहीच घडत नाही. घडतं ते शिक्षक गावातला असेल आणि त्याला तयारीला वेळ मिळाला असेल तर. बी-वेटने अनुदानात शिक्षक प्रशिक्षणाला मुलांच्या अनुभवाइतकंच महत्त्व दिलं, त्याचं मोल अशा ठिकाणी कळतं. बसवर केलेला खर्च त्या वर्षापुरता असतो. शिक्षकावर केलेला पुढच्या कित्येक तुकड्यांना पुरतो, तो शिक्षक त्याच शाळेत टिकला तर.

मोजणी

१६ जून २०१४ रोजी नवा करार झाला. या वेळी डेलावेअर, न्यूयॉर्क आणि वेस्ट व्हर्जिनियाही पूर्ण भागीदार. शिक्षणाचं उद्दिष्ट त्यात असं: प्राथमिक, मधल्या आणि माध्यमिक अशा तिन्ही टप्प्यांवर किमान एक मीवी, ‘उपलब्ध साधनांनुसार’. एकाचे तीन झाले, आणि त्याच वाक्यात पळवाटही आली. जुन्या करारातला ठामपणा गेला याचं वाईट वाटणाऱ्यांत मी नाही. २००० सालचं वाक्य बाणेदार होतं, पण ते पाळलं गेलं का हे ठरवायची सोय त्यात नव्हती. २०१४ नंतर निदान नियमित प्रश्नावली आली.

२०१५ पासून वापरात आलेली ही प्रश्नावली शाळा-व्यवस्थांना विचारते: तुमच्याकडे या टप्प्यावर मीवी सर्व शाळांत आहे, काही शाळांत आहे, की नाही? भरणं ऐच्छिक आहे, आणि उत्तर व्यवस्थेने स्वतःच द्यायचं आहे. यातून काय कळत नाही ते उघड आहे. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे ते आधी भरतात. आणि ‘सर्व शाळांत आहे’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर अभ्यासक्रमाचा कागद असतो. शून्याला बरोबरची खूण करणारा शिक्षक आणि तिथे थांबणारा शिक्षक त्या कागदावर वेगळे दिसत नाहीत.

मुलांवरच्या परिणामाचे अभ्यासही झाले आहेत. त्यांचा भर साहजिकच अनुभवाआधी आणि नंतर भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर असतो: ज्ञान वाढलं का, पाण्यासाठी काही करण्याचा इरादा वाढला का. इरादा वाढणं चांगलंच. पण तेराव्या वर्षी, ओढ्यावरून परतल्याच्या आठवड्यात, आवडत्या शिक्षकाने दिलेल्या कागदावर लिहिलेला इरादा किती धरायचा हे ज्याने त्याने ठरवावं.

खाडीच्या पाण्याकडे बोट दाखवून शिक्षणाचं यश सांगण्याचा मोह मात्र टाळायलाच हवा. नत्र-स्फुरदात जी घट झाली तिचं मोठं श्रेय सांडपाणी केंद्रांच्या सुधारणेला जातं. तिथे कायद्याचा परवाना आणि सरकारचा पैसा होता. २०१० मध्ये ईपीएने ठरवून दिलेली आणि २०२५ पर्यंत गाठायची प्रदूषण-कपात पूर्ण झाली नाही, आणि राहिलेलं काम मुख्यतः शेतं आणि शहरांतल्या पावसाच्या पाण्याचं आहे. ते हजारो लहान निर्णयांचं काम आहे, आणि ते निर्णय घेणाऱ्यांत आता २००५ च्या तुकडीतली माणसंही आहेत, वय चाळिशीकडे झुकलेलं. त्यांच्यात आणि मीवी न मिळालेल्यांत फरक दिसतो का, हे पाहायला त्यांची नोंद ठेवायला हवी होती.

पैशाची टांगती तलवार तर कायमचीच. राष्ट्राध्यक्षांच्या अंदाजपत्रकात बी-वेट गुंडाळण्याचा प्रस्ताव एकाहून अधिक वेळा आला. २०१७ चा प्रस्ताव संसदेने मानला नाही. ज्या जिल्ह्यांत मीवी अभ्यासक्रमात मुरली आहे तिथे अनुदान थांबलं तर बस बंद होईल आणि शाळेमागच्या ओढ्यापर्यंत चालत जावं लागेल, म्हणजे फार बिघडणार नाही. जिथे ती बाहेरच्या संस्थेच्या खांद्यावर आहे तिथे सगळंच थांबेल. कोणता जिल्हा कोणत्या गटात, हे सध्याची प्रश्नावली सांगत नाही.

मला विचारलं तर मी ‘मीवी देता का’ हा प्रश्न व्यवस्थांना विचारणं कमी करीन आणि दहावीतल्या थोड्या मुलांना, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, दोनच प्रश्न विचारीन: तुमच्या शाळेच्या छपरावरचं पाणी कोणत्या ओढ्याला मिळतं? त्या ओढ्याबद्दल तुम्ही स्वतः मोजलेली एक गोष्ट सांगा, आणि ती किती खात्रीची आहे तेही सांगा. यावर तयार हरकत आहे: परीक्षांनी आधीच वाकलेल्या शाळांवर आणखी एक परीक्षा कोण लादणार? राज्यांची शिक्षण खाती ती मानणार नाहीत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण नमुना लहान ठेवला, निकाल शाळेच्या नावाने जाहीर केला नाही आणि प्रश्न तोंडी विचारले, तर एका शाळेला अर्ध्या तासाहून जास्त वेळ जाणार नाही. मेरीलँडच्या २४ व्यवस्थांपासून सुरुवात करता येईल.